चिन्हकांचे दफ्तर : इक्रिसॅटमधील बाजरी-पैदाशीचा इतिहास

हैदराबादहून सोलापूरकडे येणाऱ्या हमरस्त्यावर, पाटणचेरू या गावानजीक, सुमारे चौदाशे हेक्टरांचे जे विस्तीर्ण आवार १९७२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अर्धशुष्क उष्णकटिबंधीय पीक संशोधन संस्थेच्या, म्हणजे पुढे ‘इक्रिसॅट’ या आद्याक्षरी नावानेच सर्वत्र परिचित झालेल्या संस्थेच्या, स्वाधीन करण्यात आले, त्याची निवड करताना एक गोष्ट विशेष लक्षात घेतली गेली होती, ती ही की त्या एकाच आवारात काळी भारी जमीन आणि तांबडी हलकी जमीन या कोरडवाहू मुलखातील दोन्ही प्रमुख जाती शेजारी शेजारी उपलब्ध होत्या. त्या क्षेत्रातील दोन गावे उठवून अन्यत्र वसवावी लागली. गौरवग्रंथांत असे उल्लेख एका ओळीत उरकण्याचा शिरस्ता आहे, आणि येथेही ती ओळ एकच असली तरी ती गाळणे मला प्रशस्त वाटत नाही. संस्थेच्या हवाली प्रारंभी ज्वारी, बाजरी, हरभरा आणि तूर ही पिके करण्यात आली व १९७६ साली त्यांत भुईमुगाची भर पडली. म्हणजे ज्या पाच पिकांवर सोलापूर, नगर, बीड, धुळे या जिल्ह्यांतील कोरडवाहू कुटुंबाचे वर्ष निघते तीच पाच पिके एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सनदेत एकत्र आली.

पन्नास वर्षांच्या या वाटचालीचे अनेक विभाग पडतात, आणि त्यांपैकी मजकडे आलेला विभाग तसा आटोपशीर आहे: जनुकीय चिन्हकांची माहिती पीकपैदाशीच्या, व त्यातही बियाण्याच्या व्यापारासाठी चालणाऱ्या पैदाशीच्या, कामी कशी आली, याची हकीकत. हा विषय हाती घेतला म्हणजे प्रयोगशाळांतील यंत्रांचे आणि त्यांच्या वेगाचे गुणगान करीत राहण्याचा मोह पडतो, व तो आवरणे सोपे नसते. म्हणून माझा अभिप्राय आरंभीच नमूद करून ठेवतो. चिन्हकांना या संस्थेत जे यश लाभले ते, माझ्या मते, त्यांच्या आगमनापूर्वी दोन तपे शेतात राबून ठेवलेल्या नोंदींचे, जतन केलेल्या वाणांचे आणि मुद्दाम रोगट राखलेल्या वाफ्यांचे यश आहे. आणि म्हणूनच ही हकीकत प्रयोगशाळेपासून नव्हे तर बाजरीच्या शेतापासून सुरू करणे भाग आहे.

बाजरीच्या कणसातील स्त्रीकेसर आधी बाहेर पडतात आणि परागकोश मागाहून. त्यामुळे एका ताटाचे कणीस बहुधा शेजारच्या ताटाच्या परागांनी फळते, आणि संकराचा जोम या पिकात निसर्गतःच नांदत आलेला आहे. परंतु तो जोम हुकमी मिळवावयाचा, म्हणजे ठरावीक मातेचा ठरावीक पित्याशी दरसाल आणि मोठ्या प्रमाणावर संकर घडवावयाचा, तर मातृवाणाचे स्वतःचे पराग निष्फळ असणे अगत्याचे होते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी असा नर-वंध्य वाण सिद्ध केला व त्याला टिफ्ट २३ ए हे नाव मिळाले. तो भारतात आला आणि त्याच्या आधारे लुधियाना येथे दिलबागसिंग अठवाल यांनी तयार केलेला एचबी १ हा देशातील पहिला संकरित बाजरीचा वाण १९६५ साली प्रसृत झाला. १९७०-७१ मध्ये देशाचे बाजरीचे उत्पादन ८० लाख टनांच्या घरात गेले, आणि हरितक्रांती केवळ गव्हा-तांदळाची नाही असे म्हणावयास कोरडवाहू प्रदेशालाही जागा झाली.

हा आनंद अल्पजीवी ठरला. एचबी मालिकेतील संकर एकाच मातेच्या पोटचे होते, आणि ज्या रोगाला ती माता बळी पडे त्याला तिची सारी संतती बळी पडणार हे उघड होते. महाराष्ट्रात गोसावी किंवा केवडा या नावाने शेतकरी ज्याला ओळखतो तो बुरशीजन्य रोग, ज्यात पाने पांढुरकी पडतात आणि कणसाच्या जागी दाण्याऐवजी हिरव्या पानांचा गुंता उगवतो, तो सत्तरीच्या दशकाच्या प्रारंभी या संकरांवर तुटून पडला, आणि एकामागून एक संकर लागवडीतून बाद करावे लागले. पाटणचेरूची संस्था नेमकी याच काळात उभी राहत होती. तिच्या बाजरी-पैदासकारांपुढे पहिला प्रश्न उत्पादनवाढीचा नव्हता. एखादा वाण रोगास प्रतिकार करतो की नशिबाने वाचला आहे, हे खात्रीने कसे ओळखावे, हा होता.

या प्रश्नाचे उत्तर म्हणून एस. डी. सिंग आणि आर. जे. विल्यम्स या रोगशास्त्रज्ञांनी जी पद्धत बसवली तिचा उल्लेख चिन्हकांच्या इतिहासात सहसा होत नाही, आणि तो न होणे हा मोठा अन्याय आहे असे मला वाटते. रोगास सहज बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी शेतात अगोदर पेराव्यात, त्यांच्यात रोग भरपूर माजू द्यावा, आणि मग त्या ओळींच्या मध्ये परीक्षा द्यावयाचे वाण पेरावेत, म्हणजे रात्रीच्या दमट हवेत बुरशीचे बीजाणू परीक्षार्थींवर आपोआप पडत राहतील: अशी ही साधी पण काटेकोर योजना. तिच्यामुळे रोगाची परीक्षा हवामानाच्या लहरीवर अवलंबून राहिली नाही, आणि प्रत्येक वाणाच्या नावे दरसाल रोगाचे प्रमाण टक्केवारीत नोंदले जाऊ लागले. पुढे रोपावस्थेतच काचगृहात बीजाणूंचा फवारा देऊन परीक्षा घेण्याची रीत तिच्या जोडीस आली. याच काळात खुद्द टिफ्टच्या कुळातील वाणावर गॅमा किरणांचा प्रयोग करून त्यातून रोगप्रतिकारक असा ८१ ए हा मातृवाण निवडण्यात आला. त्याचा आयसीएमपी ४५१ या पितृवाणाशी झालेला संकर आयसीएमएच ४५१ या नावाने १९८६ साली लागवडीस मान्य झाला. या पितृवाणाचे नाव वाचकाने ध्यानात ठेवावे, कारण या हकीकतीत तो आणखी एकदा यावयाचा आहे.

संकरांखेरीज मुक्त परागीभवनाचे वाणही संस्थेतून बाहेर पडत होते. १९८२ साली डब्ल्यूसी-सी ७५ आला. १९८८ साली, पश्चिम आफ्रिकेतील टोगोमधून आलेल्या टपोऱ्या दाण्याच्या बाजरीतून निवडलेला आयसीटीपी ८२०३ महाराष्ट्र व आंध्र यांसाठी प्रसृत झाला आणि आपल्या शेतकऱ्याने तो दीर्घकाळ जवळ केला. दरम्यान खाजगी बियाणे उद्योगही बाळसे धरीत होता. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यास महिको ही कंपनी स्थापिली होती, आणि १९८८ च्या नव्या बियाणे धोरणानंतर या व्यवसायात अनेक लहानमोठ्या कंपन्या उतरल्या. या कंपन्यांजवळ विक्रीची जाळी होती, उत्पादक शेतकरी होते, गोदामे होती. परंतु मूळ जनक वाणांसाठी त्यांतील बहुतेकांची दृष्टी पाटणचेरूकडेच लागलेली असे. या अवलंबनाचे पुढे काय झाले ते यथावकाश येईल.

आता चिन्हक म्हणजे काय, हे सांगणे प्राप्त आहे. बाजरीच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या सात जोड्या असतात, आणि त्यांवरील डीएनएच्या दीर्घ लिपीत दोन वाणांमध्ये ठिकठिकाणी बारीकसारीक फरक आढळतात. यांतील बहुतेक फरकांचा पिकाच्या गुणदोषांशी काहीएक संबंध नसतो. त्यांचे महत्त्व इतकेच की त्यांची जागा ठरलेली असते आणि ते ओळखता येतात. जमाबंदीच्या मोजणीत शेताच्या सीमेवर रोवलेला दगड स्वतः पीक देत नाही, पण त्याच्या आधाराने जमीन कोणाची व कोठवर हे ठरते. चिन्हकाचे काम याहून वेगळे नाही. रोगप्रतिकाराचे जनुक डोळ्यांना दिसत नाही, परंतु त्याच्या लगतचे चिन्हक ज्या रोपात आढळले त्या रोपात ते जनुकही आई किंवा बापाकडून बरोबरच आले असावे, असे अनुमान बऱ्याच भरवशाने करता येते. दोघांमधील अंतर जितके कमी, तितका भरवसा अधिक.

परंतु असे दगड रोवण्यापूर्वी नकाशा हवा, आणि बाजरीला असा नकाशा नव्हता. तो तयार करण्याचे काम ब्रिटिश सरकारच्या विकास-साहाय्यातून नॉरिच येथील जॉन इन्स केंद्र, वेल्समधील बँगोर येथील विद्यापीठ, ॲबरिस्टविथ येथील गवत व परिसर संशोधन संस्था आणि इक्रिसॅट यांनी मिळून केले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या नकाशात १८१ स्थाने सात गटांत, म्हणजे गुणसूत्रांच्या सात जोड्यांना अनुसरून, मांडलेली होती. त्या काळची पद्धत कष्टाची होती: पानांतून डीएनए काढावयाचा, विशिष्ट विकरांनी त्याचे तुकडे पाडावयाचे, ते विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने जेलीसारख्या थरात लांबीनुसार पांगवावयाचे आणि किरणोत्सर्गी अन्वेषकांनी छायाचित्राच्या फिल्मवर त्यांचे पट्टे उमटवावयाचे. एकेका उत्तरासाठी दिवसांमागून दिवस जात.

त्याच्या पुढच्याच वर्षी केवडा रोगाच्या प्रतिकाराशी निगडित असलेली स्थाने या नकाशावर निश्चित करण्यात आली, आणि येथे शेतातील दफ्तराचे मोल प्रत्ययास आले. कारण नकाशावर एखाद्या स्थानास ‘प्रतिकाराचे’ म्हणावयाचे तर त्या कुळातील प्रत्येक संततीचा रोगाचा आकडा विश्वसनीय हवा, आणि तो आकडा देणारी पद्धत पाटणचेरूस तयारच होती. शिवाय ही बुरशी एकजिनसी नाही. जालना, जामनगर, म्हैसूर, दुर्गापुरा येथून गोळा केलेले तिचे प्रकार आपापल्या परीने वेगवेगळे घातक. जो वाण एका प्रकारास पुरून उरतो तो दुसऱ्यापुढे हात टेकतो. आफ्रिकेतील प्रकार तर भारतात आणून तपासणे हा धोक्याचा खेळ झाला असता. म्हणून भारतीय व आफ्रिकी प्रकारांची एकत्र परीक्षा वेल्समध्ये, जेथे बाजरी मुळी पिकतच नाही आणि बीजाणू निसटले तरी कोणाच्या शेताचे नुकसान व्हावयाचे नाही अशा ठिकाणी, बंदिस्त काचगृहांत घेण्यात आली. तिच्यातून निघालेला निष्कर्ष असा की बहुतेक प्रतिकार-स्थाने काही प्रकारांपुरतीच उपयोगी पडतात. सर्वांवर चालणारा रामबाण त्यांत नव्हता. व्यापारी पैदासकाराच्या दृष्टीने हा निष्कर्ष नकाशाइतकाच मोलाचा होता, कारण त्यावरून एकाच स्थानावर विसंबू नये, दोन-तीन स्थाने एकत्र आणावीत, हे धोरण निघाले.

या साऱ्या ज्ञानाची पहिली कसोटी हरियाणात लागली. हिसार येथील हरियाणा कृषी विद्यापीठाने १९९० साली एचएचबी ६७ हा संकर प्रसृत केला होता. ८४३ ए ही त्याची माता आणि एच ७७/८३३-२ हा त्याचा पिता. पेरणीपासून पासष्ट दिवसांच्या आत तो कापणीस येई, आणि राजस्थान-हरियाणाच्या ज्या पट्ट्यात पाऊस उशिरा येऊन लवकर परततो तेथे या एका गुणावर त्याने शेतकऱ्याचे मन जिंकले. पाऊस फसण्यापूर्वी दाणा घरात आणि मोहरी किंवा हरभऱ्यासाठी रान मोकळे, असा दुहेरी लाभ. परंतु एकच संकर लाखो हेक्टरांवर वर्षानुवर्षे पेरला गेला म्हणजे जे घडावयाचे तेच घडू लागले: नव्वदीच्या उत्तरार्धात केवडा त्याच्यावर वाढत्या प्रमाणात दिसू लागला. एचबी १ च्या पिढीचे भवितव्य ज्यांनी पाहिले होते त्यांना पुढची पायरी सांगण्याची गरज नव्हती.

अशा प्रसंगी नवा संकर शोधणे हा एक मार्ग. पण शेतकऱ्याला नवा संकर नको होता, हाच संकर निरोगी होऊन हवा होता. म्हणजे दोन्ही जनक वाण जसेच्या तसे ठेवून त्यांत केवळ प्रतिकार आणून बसवावयाचा. यासाठी पैदासकाराची जुनी रीत प्रतीपसंकराची: प्रतिकारक दात्याशी एकदा संकर करावा, आणि मग संतती पुनःपुन्हा मूळ वाणाकडे वळवावी. पहिल्या प्रतीपसंकरात मूळ वाणाचा अंश सरासरीने ७५ टक्के होतो, दुसऱ्यात ८७.५, तिसऱ्यात ९३.७५; प्रत्येक पिढीत दात्याचा उरलेला अंश निम्म्याने घटत जातो. अडचण अशी की त्या घटणाऱ्या अंशाबरोबर जे हवे आहे तेही घटून नाहीसे होऊ शकते, आणि ते शिल्लक आहे की नाही हे पाहण्यासाठी पिढीगणिक रोगाची परीक्षा मांडावी लागते. चिन्हकाने ही अडचण दूर केली. रोप फुलावर येण्यापूर्वीच त्याच्या पानाचा तुकडा तपासून, दात्याचा हवा तो भाग ज्यांत आहे तीच रोपे राखावयाची, आणि त्यांतही गुणसूत्रांच्या इतर भागांवर मूळ वाणाची चिन्हके ज्यांत अधिक ती पुढच्या संकरासाठी निवडावयाची. रोगाची परीक्षा मग शेवटी, खातरजमेपुरती.

पितृवाणासाठी दाता म्हणून जो निवडला गेला तो आयसीएमपी ४५१, म्हणजे १९८६ च्या त्या संकराचा पिता. इक्रिसॅटचे पैदासकार सी. टी. हॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिन्हकांच्या साहाय्याने त्याचा प्रतिकार एच ७७/८३३-२ मध्ये उतरवला व नव्या वाणास एच ७७/८३३-२-२०२ असा क्रमांक मिळाला. मातृवाणाचे काम मात्र आयसीएमएल २२ या दात्याकडून प्रतिकार आणून नेहमीच्या प्रतीपसंकराच्या रीतीने, चिन्हकांवाचून, पार पडले. गौरवपर लेखांत ही दुसरी गोष्ट कित्येकदा सांगितलीच जात नाही, जणू तिने पहिलीचे तेज उणे होते! वस्तुतः दोन्ही रीती एकाच संकरात हातात हात घालून आल्या यातच संस्थेच्या व्यवहारबुद्धीचा दाखला आहे. सुधारित एचएचबी ६७ हा संकर २००५ साली प्रसृत झाला; भारतात सार्वजनिक क्षेत्रात चिन्हकांच्या साहाय्याने सिद्ध होऊन शेतकऱ्याच्या हाती पोचलेला पहिला संकर म्हणून त्याची गणना होते. काही वर्षांतच तो कित्येक लाख हेक्टरांवर पसरला, आणि त्याचे बियाणे तयार करून विकण्यात सार्वजनिक महामंडळांबरोबर खाजगी कंपन्याही होत्या.

येथे व्यापाराचा प्रश्न पुढे येतो. प्रारंभीच्या पंचवीस वर्षांत इक्रिसॅट आपले जनक वाण मागेल त्यास विनामोबदला देई. देणगीदार राष्ट्रांचे साहाय्य आटू लागले, आणि दुसऱ्या बाजूस खाजगी कंपन्यांचे अर्ज वाढू लागले, तेव्हा २००० साली, संस्थेचे महासंचालक विल्यम दार यांच्या कारकीर्दीच्या प्रारंभी, संकर-जनक संशोधन संघ ही योजना बाजरी व ज्वारी यांसाठी सुरू झाली आणि पुढे तीत तूरही आली. योजनेचा आशय असा: कंपन्यांनी वार्षिक वर्गणी भरावी, शेतात येऊन आपल्या गरजेप्रमाणे जनक वाणांची निवड करावी व बियाणे न्यावे, सार्वजनिक संस्थांना मात्र हे वाण पूर्ववत मोफत मिळावेत, आणि वर्गणीतून आलेला पैसा पुन्हा पैदाशीच्याच कामी लागावा. सार्वजनिक पैशाने निर्माण झालेली संपत्ती व्यापाऱ्यांच्या हाती दिली, असा आक्षेप तेव्हा घेण्यात आला, आणि तो सर्वस्वी निराधार होता असे मी म्हणणार नाही. तथापि एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. वर्गणीच्या मोबदल्यात कोणा एका कंपनीस मक्तेदारी मिळाली नाही. तोच वाण पाच कंपन्यांनी नेला, पाचांनी आपापल्या दुसऱ्या जनकाशी जुळवला, आणि बाजारात पाच वेगळे संकर आले. एकाच मातेच्या संततीने सारा देश व्यापल्याचे काय फळ मिळते ते ज्या पिकाने भोगले आहे, त्याला ही स्पर्धा लाभदायकच झाली असावी.

खरी विषमता उत्पन्न झाली ती चिन्हकांच्या उपयोगात. मोठ्या कंपनीला स्वतःची प्रयोगशाळा उभारता येते. जालन्याच्या किंवा कर्नूलच्या छोट्या कंपनीला ती परवडत नाही, आणि मग वाण दोघांना एकच मिळाला तरी त्याच्यातून पुढची निवड करण्याचा वेग दोघांचा सारखा राहत नाही. जनुकीय तपासणी ठराविक दराने बाहेरून करून घेण्याची सोय मागाहून सर्वत्र झाली, किरणोत्सर्गी फिल्म जाऊन लिपीतील लहान पुनरावृत्तींवरून फरक ओळखणारी एसएसआर चिन्हके आली आणि त्यानंतर डीएनएच्या लिपीतील एकेका अक्षराचा फरक टिपणारी एसएनपी चिन्हके आली, खर्चही उतरला. तरी आलेल्या आकड्यांचा अर्थ लावणारा माणूस पगारावर ठेवण्याचा खर्च उतरला नाही. संस्थेने प्रशिक्षणवर्ग चालवून ही उणीव अंशतः भरून काढली आहे, पण अंशतःच.

अन्य पिकांतील कामाचा येथे त्रोटक निर्देश करतो. ज्वारीत खोडमाशीचा प्रतिकार परभणी मोती या आपल्या परिचयाच्या रब्बी वाणात चिन्हकांच्या आधारे उतरवण्यात आला. हरभऱ्यात आयसीसी ४९५८ या वाणातील, दुष्काळात तग धरण्याशी संबंधित असलेला गुणसूत्राचा एक भाग नवी दिल्लीच्या पुसा संस्थेने आपल्या पुसा ३७२ मध्ये आणून २०१९ साली नवा वाण दिला. भुईमुगात ओलेइक आम्लाचे प्रमाण ८० टक्क्यांच्या जवळपास नेणारे गिरनार ४ व गिरनार ५ हे वाण जुनागढच्या भुईमूग संशोधन संचालनालयाच्या सहकार्याने २०२० साली आले. तेल व दाणे खवट न होता अधिक टिकतात म्हणून खाद्यपदार्थांच्या कारखानदारांनाच त्यांचे आकर्षण अधिक.

तुरीतील एक उपयोग मात्र थोडे थांबून सांगण्याजोगा आहे, कारण व्यापाराच्या दृष्टीने तो सर्वांत रोकडा आहे. जगातील पहिला पेशीद्रव्यजन्य नर-वंध्यतेवर आधारलेला व्यापारी तूर-संकर आयसीपीएच २६७१ हा २०१० साली मध्य प्रदेशात मान्य झाला. संकरित बियाण्याची शुद्धता तपासण्याची सरकारमान्य जुनी रीत म्हणजे त्यातील नमुना शेतात पेरून, रोपे वाढवून, भेसळ मोजणे. तुरीसारख्या दीर्घ मुदतीच्या पिकात यात एक सबंध हंगाम जातो, तोवर बियाणे गोदामात पडून राहते, कंपनीचे भांडवल अडकते आणि उगवणशक्तीही घटते. चिन्हकाने हेच काम थोड्या दिवसांत होते. ज्या चिन्हकावर आई आणि बाप वेगळे पडतात त्यावर खऱ्या संकराच्या रोपात दोघांचेही पट्टे दिसतात. आईचा एकटाच पट्टा दिसला तर ते बी स्वपरागाचे. शेतकऱ्याची फसवणूक टाळण्याचे याहून सरळ साधन मला माहीत नाही. तरीही वाणांच्या नोंदणीसाठी २००१ च्या वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायद्याखाली जी परीक्षा होते ती मुख्यतः पानाचा रंग, कणसाची लांबी, फुलाची वेळ अशा दृश्य लक्षणांवरच चालते, आणि चिन्हकाची साक्ष तीत दुय्यम राहते.

२०१७ साली बाजरीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. तीस संस्थांतील पासष्ट शास्त्रज्ञांनी मिळून केलेल्या या कामात सुमारे १७९ कोटी अक्षरांच्या लिपीत ३८,५७९ जनुके मोजली गेली, आणि त्याखेरीज ९९४ वाणांच्या लिपीचे पुनर्वाचन झाले, ज्यांत व्यापारी संकरांचे जनक बहुसंख्य होते. संदर्भासाठी जो वाण निवडला गेला तो टिफ्टच्या कुळातलाच. ज्या कुळाने संकर दिला आणि रोगही ओढवून घेतला, त्याचीच लिपी आता सर्वांची मूळ प्रत झाली. या माहितीच्या आधारे कोणत्या दोन जनकांचा संकर अधिक पीक देईल याचे भाकीत गणिताने करण्याचा प्रयोग झाला, व त्यातून १७० जोड्या आशादायक म्हणून निघाल्या. त्यांतील ११ जोड्या पैदासकारांनी आपल्या अनुभवाच्या बळावर त्यापूर्वीच वापरात आणलेल्या होत्या आणि त्या चांगल्या उतरल्या होत्या. उरलेल्या १५९ कोणी करून पाहिलेल्या नव्हत्या. वृत्तपत्रांनी दुसऱ्या आकड्याचा गाजावाजा केला. मला पहिला आकडा अधिक बोलका वाटतो: गणित आणि पैदासकाराचा डोळा स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी पोचले, तेव्हाच गणितावर विश्वास ठेवण्यास काही आधार मिळाला. आणि ते गणित शिकले कशावर? प्रत्यक्ष संकर शेतात लावून मोजलेल्या उत्पन्नावर. ज्या नोंदी मुळात नाहीत किंवा ज्या निष्काळजीपणे ठेवल्या आहेत त्यांच्यातून अक्षरांची कितीही रास ओतली तरी भाकीत निघत नाही.

चिन्हकांवाचून काहीच साधत नाही असाही समज कोणी करून घेऊ नये. आयसीटीपी ८२०३ मधूनच, त्याच्या दाण्यातील लोहाचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या मोजून व निवडून, धनशक्ती हा वाण तयार झाला व महाराष्ट्रात प्रथम प्रसृत झाला. त्यात लोह किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम असते आणि त्याच्या निवडीत चिन्हकांचा हात नव्हता. मापन अचूक होते आणि निवड चिकाटीने झाली, एवढ्यावरच ते काम झाले. पैदाशीची संस्था कशास म्हणावे हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने एचएचबी ६७ आणि धनशक्ती ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून वाचावीत.

आता स्मरणिकेच्या वाचकांस, व त्यातही महाराष्ट्रातील वाचकांस, एक विनंती. राहुरी, परभणी आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांच्या, धुळे व बदनापूरसारख्या त्यांच्या जुन्या केंद्रांच्या, आणि वाण-चाचण्यांत भाग घेणाऱ्या कित्येक बियाणे कंपन्यांच्या कपाटांत तीस-चाळीस वर्षांच्या चाचण्यांच्या वह्या पडून आहेत: कोणता वाण, कोणत्या साली, कोणत्या जमिनीत, किती पाऊस, किती रोग, किती उत्पन्न. चिन्हकांचे आकडे आता पैसे टाकले म्हणजे कोणासही मिळतात. या वह्या पुन्हा लिहून मिळणार नाहीत. त्या वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी संगणकात उतरवून घ्याव्यात, आणि ज्या वाणांच्या त्या आहेत त्यांचे मूठभर बी तरी पाटणचेरूच्या किंवा दिल्लीच्या जनुकपेढीत पोचते करावे. हे काम एका कारकुनाच्या पगारात होण्यासारखे आहे, आणि ते याच वर्षी सुरू व्हावे.